दहा मिनिटं

गाडी चालू आहे की बंद, हे आता आधी विचारावं लागतं.
डिझेलच्या काळात असं विचारणारा वेडा ठरला असता.
द्वारकेला बशीरभाईंनी मला ऐकायला शिकवलं:
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला,
की आतलं बेअरिंग आपणहून गाऱ्हाणं सांगायचं.
अंबडच्या शेडमध्ये आज ही पांढरी हायब्रिड,
डॅशबोर्डावर लाल त्रिकोण,
आणि माझ्या कानाला काम नाही.

भामरेसाहेब म्हणाले, "राहुड घाटात जीव सोडते.
सपाटीला अगदी गुणाची.
शोरूमवाले म्हणतात अख्खी बॅटरी बदला, दोन लाख दहा हजार.
तुम्ही एकदा बघा."
एकदा बघा म्हणणाऱ्या माणसाने
पैसे मोजलेले असतात, मनात, रात्री.

यमुना गावित स्कॅनर लावते.
पेठच्या पुढची पोरगी, सातपूरच्या आयटीआयची,
तिला कोड पाठ, मला कोडांचा धसका.
"पी झिरो ए एटी," ती वाचते. "पॅकच गेलाय म्हणे."
म्हणे ना? कोड म्हणजे शेजाऱ्याने सांगितलेली बातमी.
त्या वेळचे आकडे उघड.

ज्या क्षणी बिघडलं, तो क्षण
गाडीने जसाच्या तसा जपून ठेवलेला:
वेग त्रेचाळीस. बाहेर एकेचाळीस डिग्री.
बॅटरी एकोणसाठ.
पंखा सहाव्या पायरीवर, म्हणजे जीव खाऊन.
पंखा जीव खाऊन, आणि तरी एकोणसाठ?
यमुना माझ्याकडे बघते. मी मुद्दाम बाहेर बघतो.
तिचं तिला सापडू दे.

मग नारिंगी केबलींचा मुलूख.
रबरी हातमोजे मनगटाकडून गुंडाळायचे, फुगवायचे, गालाशी धरायचे:
टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो.
सर्व्हिस प्लग उपसून स्वतःच्याच खिशात,
दुसऱ्या कुणाच्या नाही.
आणि दहा मिनिटं थांबायचं.

तोडली तरी वीज लगेच जात नाही,
निघतो निघतो म्हणत
दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी कपॅसिटरांत असते.
बशीरभाई तापलेला सायलेन्सर ओल्या गोणपाटाने ओढून काढायचे.
थांबणं त्यांच्या शिकवणीत नव्हतं,
ते मी पन्नाशीत शिकलो, ते पण पोरांच्या वयाच्या मास्तरांकडून.
पलीकडच्या शेडमध्ये प्रेस पडतो, उठतो, पडतो.
भामरेसाहेब घड्याळ बघतात. "सुरू करताय ना?"
"सुरूच आहे," मी म्हणतो.

मागच्या सीटच्या कडेला एक जाळी असते.
लोक तिला पिशव्या टेकवतात.
तिथून बॅटरी श्वास घेते.
यमुनाचा हात कोपरापर्यंत आत,
आणि बाहेर येतं मूठभर गुलाबी.
कांद्याची सालं.
सिगारेटच्या कागदाहून पातळ, थरावर थर,
पंख्याच्या पात्यांना कवटाळून बसलेली.

"लासलगाव," साहेब हळूच म्हणतात,
"नमुन्याच्या गोण्या. मागच्याच सीटवर. सात वर्षं झाली."
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

पण हसून झाल्यावर मोजावं लागतंच.
चौदा जोड्या, मीटरची दोन टोकं, यमुना आकडे लिहिते.
तेरा एका सुरात.
सातवी अर्ध्या व्होल्टने मागे:
मधली ती, दोन्हीकडून तापलेले शेजारी.

विल्होळीच्या चढाला गाडी तक्रार न करता गेली.
बॅटरी बेचाळीसवर थांबली.
उतरणीला ब्रेक दाबला तर पडद्यावरचे बाण उलटे फिरले,
उतार परत वीज झाला.
"म्हणजे वाचली?" साहेब.
"पंख्याचं वाचलं. सातवीचं सांगता येत नाही.
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जाईल. किंवा दिवाळीपर्यंत. जपून चालवा."
त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. मलाही.

जॉबकार्डावर बिघाडाच्या रकान्यात
यमुनाने एकच शब्द लिहिला: कांदा.
मी खोडला नाही.

शेड बंद करताना हात खिशात गेला,
प्लग चाचपायला. तो तर केव्हाच गाडीबरोबर गेला होता.
बोटांना लागलं एक साल,
इतकं हलकं, की आहे म्हणायलाही
थोडं थांबावं लागलं.